काचेवरचे सहा थेंब

तीन नंबरचं इंजिन बोगद्यात शिरलं आणि बाहेर आलंच नाही.

टेबलाभोवती उभे असलेले शिकाऊ स्टेशनमास्तर थोडा वेळ वाट बघत राहिले. मग मागून कोणीतरी म्हणालं, "आत चहाला थांबलं असंल," आणि सगळी खोली हसली. केरू पगारेनं कसलीही घाई न करता बोगद्यात हात घातला, इंजिनाला बोटानं ढकललं, आणि ते रडतखडत पुढच्या स्टेशनात जाऊन उभं राहिलं.

"थंडी हाय," केरू म्हणाला. "गरम झालं की पळतंय बघा."

भिंतीशी उभ्या असलेल्या वत्सलानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. या आठवड्यात हे चौथ्यांदा झालं होतं.

नाशिकरोड स्टेशनापासून चालत पंधरा मिनिटांवर रेल्वेचं हे लहानसं ट्रेनिंग सेंटर होतं. नवीन लागलेले स्टेशनमास्तर, सिग्नलवाले, रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन इथं दोन-दोन महिने शिकायला यायचे. त्यांच्यासाठी एका लांबलचक खोलीत पंगत बसेल एवढं मोठं टेबल होतं आणि त्यावर अख्खी रेल्वे मांडलेली होती. दोन स्टेशनं, एक यार्ड, पूल, बोगदा, काडीएवढे सिग्नल, आणि वीतभर लांबीची सहा इंजिनं. इंजिनं जर्मनीची, वीस वर्षांपूर्वी बोटीनं आलेली. त्या खोलीला सगळे मॉडेल रूम म्हणत.

वत्सला गांगुर्डेला तिथं लागून दीड वर्ष झालं होतं. तिचा नवरा निवृत्ती यार्डात पॉइंट्समन होता. काविळीनं तो गेला तेव्हा तिचं वय एकतीस. नवऱ्याच्या जागेवर नोकरी मिळावी म्हणून तिनं अर्ज केला खरा, पण त्या अर्जामागे धावला केरू. तो निवृत्तीचा दोस्त. आठ महिने सुट्ट्या टाकून त्यानं भुसावळच्या रेल्वे ऑफिसात चकरा मारल्या, या टेबलावरून त्या टेबलावर कागद हलवला, आणि शेवटी ऑर्डर हातात घेऊनच तिच्या दारात उभा राहिला. "जयभीम वहिनी. सोमवारपासून या," एवढंच म्हणाला होता. नंतर मॉडेल रूममध्ये मदतनीस म्हणून तिला त्यानंच मागून घेतलं.

म्हणूनच तिला आता जे वाटत होतं ते तोंडातून काढायची चोरी झाली होती. तिला वाटत होतं, ही इंजिनं केरूभाऊजींच्या तेलानं मरतायत.

केरूची उमर सत्तावन्न. पंचवीस वर्षं तो मनमाडच्या शेडमध्ये कोळशाच्या इंजिनांवर होता. तिथं पायावर लोखंड पडून तो अधू झाला, तेव्हा हलकं काम म्हणून मॉडेल रूम सांभाळायला इकडे पाठवलेला. पण शेड काही त्याच्या अंगातून गेली नव्हती. दर सोमवारी सकाळी तो लांब नळीची तेलाची बुधली काढायचा, सहाही इंजिनं ओळीनं टेबलावर पालथी घालायचा, आणि शेडमधून जुन्या सोबत्यांकडून आणलेलं काळसर, दाट तेल प्रत्येकाच्या पोटात सोडायचा. चाकांना, दात्यांना, मोटरीला, जिथं जिथं काही फिरतं तिथं तिथं. तेल खाली निथळून रुळांवर यायचं. धूळ त्यावर बसायची. वत्सला रोज फडक्यानं रूळ पुसायची आणि रोज फडकं काळं व्हायचं.

तिचं माहेर येवल्याचं, आणि लग्नाआधीपासून तिच्याकडे शिलाई मशीन होतं. एका वर्षी मशीनचं तेल संपलं म्हणून वहिनीनं खोबरेल घातलं होतं. दिवाळीपर्यंत मशीन छान चाललं. पौषात एका सकाळी पायडल हलेना. सगळं तेल आत मेणासारखं गोठलेलं. तेव्हापासून तेल म्हटलं की तिला ती सकाळ आठवायची.

आणि इथंही तेच होत होतं. तिनं आठ दिवस लक्ष ठेवलं. सकाळी दहाला पहिला तास असला की इंजिनं अडायची. दुपारी खिडकीतून ऊन टेबलावर आलं की तीच इंजिनं जरा बरी चालायची. करंट तोच, रूळ तेच. फरक फक्त थंडीचा.

एका दुपारी डबा खाताना तिनं विषय काढला.

"भाऊजी, तेल जरा पातळ घातलं तर?"

"पातळ तेल टिकत नाय."

"नाही, म्हणजे ही इंजिनं लहान आहेत ना. त्यांना एवढं दाट..."

केरूनं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "वहिनी, इंजिन ते इंजिन. लहान लेकरू बी दूधच पितं ना? मी या हातानं शंभर टनांची धुडं चालवलीत तेल घालून. एक बी धुरा जळू दिला नाय."

तिनं डबा आवरला. पण डबा धुताना तिच्या हातून झाकण दोनदा पडलं.

वत्सलाच्या शेजारी यादव जाधव म्हणून एकजण राहायचा. तो ओझरच्या विमानांच्या फॅक्टरीत होता. सिन्नर फाट्याला तो कंपनीच्या बसची आणि ती आपल्या बसची वाट बघताना त्याची नि तिची रोज गाठ पडायची. एकदा तिनं सहज विचारलं, "तुमच्याकडे विमानाला तेल कोणतं घालायचं ते कोण ठरवतं हो?"

यादव हसला. "एक तेल असतंय व्हय? प्रत्येक जागेला वेगळं. डब्यांवर नंबर असतात. आणि नवीन तेल आलं की आधी घालत नाहीत. रबराच्या, धातूच्या पट्ट्यांना लावून ठेवून देतात. पंधरा दिवस, महिना. काय खातंय, काय सोडतंय, बघतात."

त्याची बस आली नि गेली. वत्सला तिथंच उभी राहिली आणि तिची स्वतःची बस चुकली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं सुरुवात केली. मॉडेल रूमच्या मागे अडगळीची खोली होती. तिथं फुटलेल्या तावदानाची एक काच होती, हातभर लांब. ती तिनं साबणानं धुतली. कपाटाच्या खणात केव्हाचं तरी झिजलेलं एक प्लास्टिकचं दातेरी चाक पडलं होतं, इंजिनातलंच. पकडीनं तिनं त्याचे सहा तुकडे केले. काचेवर सहा जागी सहा तेलांचे थेंब ठेवले आणि प्रत्येक थेंबात एक तुकडा बसवला. पहिलं केरूचं तेल. दुसरं खोबरेल, कारण त्याचं काय होतं ते तिला पुन्हा डोळ्यांनी बघायचं होतं. तिसरं शिलाई मशीनचं. चौथं सायकलवाल्याकडचं पिवळं ग्रीस. पाचवी घरातली पांढरी व्हॅसलीन. सहावी जागा घड्याळाच्या तेलासाठी ठेवली होती, आणि ते आणायला ती बिटको चौकात गोरक्षच्या दुकानी गेली.

गोरक्ष घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसलेला असायचा आणि बोलताना ते काढायचा नाही. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग एका सुईच्या टोकावर तेल घेऊन तिला दाखवलं.

"हे दिसतंय का? एवढं लागतं. याच्यापेक्षा जास्त घातलं की ते बाहेर येतं, धूळ ओढतं, आणि धूळ म्हणजे कानस."

"मग मी हेच घालू का इंजिनाला?"

"नको. घड्याळ शांत चालतं. तुमची मोटर गरगरा फिरते, तिथं हे टिकणार नाही. धुऱ्यांना शिलाई मशीनचं पातळ तेल चालून जाईल, पण स्वच्छ बाटलीतलं, सुटं नको. दात्यांना काहीतरी धरून राहणारं पाहिजे. ते काय, ते तुमची काच सांगेल. आणि मोटरीत कार्बन घासतो तिथं तेल अजिबात नको. रुळांना तर वासही लागू देऊ नका. तेल मध्ये आलं की करंट अडतो."

"आणि आधी घातलेलं?"

"ते आधी काढावं लागेल, बाई. सगळं. नाहीतर नवीन तेल जुन्यात मिसळून चिखलच होणार. आणि प्लास्टिकला पेट्रोल लावाल तर फसाल. साबणाचं कोमट पाणी."

त्यानं शाईच्या रिकाम्या बाटलीत तिला चार थेंब दिले. ती चालत घरी निघाली ती इतकी भराभर, की वाटेत दोघा ओळखीच्यांनी हाक मारलेली तिला ऐकूच आली नाही.

काचेवर कोणतं तेल कोणतं हे विसरू नये म्हणून तिनं वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या डिंकानं चिकटवल्या. 'खोबरेल', 'मशीन', 'सायकल', 'व्हॅसलीन', 'गोरक्ष'. पहिल्या थेंबाखाली तिनं लिहिलं, 'केरूभाऊजी'. त्या तेलाला दुसरं नाव तिला ठाऊक नव्हतं.

मग सुरू झालं वाट बघणं, आणि ते तिला जमत नव्हतं. दिवसातून चार-चार वेळा ती अडगळीत जायची. काच उन्हात ठेव, सकाळच्या गारठ्यात खिडकीबाहेर ठेव, तिरकी करून कोणता थेंब किती ओघळतो ते बघ. केरूनं विचारलं तर सांगायची, झाडू आणायला गेले होते. दीड वर्षात तिनं त्याच्यापासून काही लपवलं नव्हतं. आता रोज लपवत होती, आणि सोमवारी तो बुधली घेऊन बसला की तिला खोलीत उभं राहवत नसे.

जानेवारीच्या मध्यावर काच बोलायला लागली. खोबरेल गोठून पांढरं झालं होतं. घड्याळाचं तेल जवळजवळ सुकलं होतं. सायकलच्या ग्रीसला कडेनं हिरवट रंग आला होता. मशीनचं तेल जसंच्या तसं स्वच्छ, त्यातला तुकडा कडक. व्हॅसलीनमधलाही तुकडा चांगला. आणि पहिला थेंब तपकिरी, चिकट, डिंकासारखा झाला होता. त्यातला तुकडा तिनं नखानं दाबला. तो फुगला होता. थोडा जोर देताच कडेनं तडकला.

त्याच दिवशी दुपारी मुख्य इन्स्ट्रक्टर मोतीराम आहेर साहेबांनी दोघांना बोलावलं. मुंबईहून मोठे साहेब तपासणीला येणार होते, तीस तारखेला. मॉडेल रूम आधी बघणार होते.

"पगारे, यंदा तुमची रिटायरमेंट आहे. छाप पडली पाहिजे," आहेर साहेब म्हणाले.

"सहाच्या सहा पळवतो, साहेब," केरू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वत्सला बस चुकल्यानं उशिरा आली. मॉडेल रूम उघडी होती, केरू नव्हता. ती मागे गेली. केरू अडगळीच्या खिडकीशी उभा होता. फडकं शोधायला आला असावा. काच त्याच्या दोन्ही हातांत होती आणि तो चिठ्ठ्या वाचत होता. वाचायला त्याला वेळ लागायचा. पहिल्या चिठ्ठीवर त्याचा अंगठा होता.

"भाऊजी, ते मी..."

त्यानं काच होती तिथं नीट टेकवून ठेवली. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. लंगडत बाहेर गेला, आणि दुपारी त्याच्या सुट्टीचा अर्ज ऑफिसात पोचला. तब्येत बरी नाही. आठ दिवस.

वत्सलाला त्या दिवशी काही सुचलं नाही. तिनं ती चिठ्ठी खरवडून काढली. मग वाटलं, आता काढून काय उपयोग. संध्याकाळ व्हायच्या आत ती देवळालीगावात केरूच्या घरी गेली. दारात त्याची बायको विठाबाई तांदूळ निवडत बसली होती.

"जयभीम. भाऊजी आहेत का?"

"हायेत. पण तुम्हाला भेटायचं नाय म्हणत्यात." विठाबाईनं आवाज खाली आणला. "काय झालं गं? आल्यापासून भिंतीकडं तोंड करून पडलेत. जेवत बी नाय धड."

वत्सला उंबऱ्याशी उभी राहिली आणि आतल्या अंधारात बघून मोठ्यानं म्हणाली, "भाऊजी, मी तुमचं नाव वाईट म्हणून नाही लिहिलं. तेल तुमचं, म्हणून लिहिलं."

आतून केरूचा आवाज आला. "मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं. डबा खाताना."

विठाबाईनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं, पण चहा विचारला नाही.

तपासणीला बारा दिवस उरले होते. इंजिनं केरूच्या ताब्यात होती, यादीवर सही त्याची. तिला हात लावायचा हक्क नव्हता. दोन दिवस ती टेबलाभोवती नुसती फिरत राहिली. एक खुर्ची उचलून तिकडे ठेवायची, पुन्हा इकडे आणायची. तिसऱ्या दिवशी तिनं तीन नंबर उचललं, दार लोटलं आणि स्क्रू काढायला घेतले.

कवच निघालं तेव्हा आतला वास सरळ डोक्यात गेला. सगळं काळ्या राळेनं भरलं होतं. दात्यांत केस, सुताचे धागे, धूळ. एक एक भाग काढून तिनं जुन्या साडीच्या तुकड्यावर ओळीनं मांडला, म्हणजे परत त्याच क्रमानं बसवता येईल. धातूचे भाग घासलेटात, प्लास्टिकचे कोमट साबणाच्या पाण्यात. कार्बनमागची केसाएवढी स्प्रिंग तिच्या चिमटीतून उडाली आणि दिसेनाशी झाली. ती गुडघ्यांवर बसून फरशी चाचपडत राहिली. अर्धा तास, पाऊण तास. हे इंजिन गेलं तर केरूभाऊजी काय म्हणतील ते सोडाच, तिची नोकरी राहील का? स्प्रिंग शेवटी तिच्याच पदराच्या घडीत सापडली.

मोटरीच्या कार्बनला तिनं तेल लावलं नाही. धुऱ्यांना सुईच्या टोकानं मशीनचं तेल. प्रत्येकी एक थेंब, आणि मनाला आवरून दुसरा नाही. दात्यांवर व्हॅसलीनचा इतका पातळ हात, की लावलीय का नाही तेच कळू नये. रूळ कोरड्या फडक्यानं तीनदा पुसले. मग रेग्युलेटर फिरवला.

इंजिन हललं. आवाज करत नव्हतं म्हणून तिला आधी कळलंच नाही. ते बोगद्यात शिरलं आणि बाहेर आलं. पुन्हा शिरलं, पुन्हा आलं. ती त्याच्यामागे टेबलाभोवती चालत राहिली. बावीस फेऱ्या तिनं मोजल्या, तरी तिचा जीव शांत झाला नाही. आज चालतंय. उद्या सकाळी?

सकाळीही चाललं.

सोमवारी केरू आला. त्यानं कपाटातून बुधली काढली, इंजिनं पालथी घातली. एक नंबर, दोन नंबर. तिसऱ्याकडे हात गेला तशी वत्सला पुढे झाली.

"तीन नंबरला घालू नका."

"कोण सांगतंय?"

"मी सांगते." तिनं तीन नंबरवर हात ठेवला. "ते मी धुतलंय. आधी चालवून बघा, मग घालायचं तर घाला."

तिनं तीन नंबर रुळावर ठेवलं आणि चालवलं. थंडी कडाक्याची होती, खिडकीच्या काचांना आतून पाणी सुटलं होतं. इंजिन फेऱ्या मारत राहिलं. केरूनं ते पाच फेऱ्या बघितलं. मग एक नंबर ठेवून चालवलं. ते पुलापर्यंत गेलं आणि थांबलं.

तिला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. केरूनं एक नंबर उचललं, पालथं घातलं, आणि त्यात आणखी तेल सोडलं. मग दोनमध्ये, मग चारमध्ये, पाचमध्ये, सहामध्ये. तेल टेबलावर सांडलं. तीन नंबरला मात्र त्यानं शिवलं नाही.

तिनं आहेर साहेबांकडे जायचं ठरवलं, दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेली आणि दोनदा परत आली. आत जाऊन काय सांगणार होती? ज्या माणसानं तिच्यासाठी आठ महिने वणवण केली त्याची चहाडी?

तीस तारखेला मुंबईचे साहेब आले. बरोबर आहेर साहेब आणि दहा-बाराजण. केरूनं धुतलेला युनिफॉर्म घातला होता. त्यानं एक नंबर सोडलं. ते स्टेशनातून बाहेर पडलं आणि सिग्नलशी थबकलं. दोन नंबर हललंच नाही. चार नंबर अर्ध्या वाटेत. पाच नंबरमधून कडकन आवाज आला आणि चाकं नुसतीच जागच्या जागी फिरायला लागली. सहा नंबरला केरूनं बोटानं ढकललं, आणि तो ढकलत असताना मोठे साहेब त्याच्या बोटाकडे बघत होते.

"एकही चालत नाही?" त्यांनी विचारलं.

वत्सलानं तीन नंबर रुळावर ठेवलं. ते चाललं. यार्डातून, पुलावरून, बोगद्यातून.

"याला काय वेगळं केलंय?" साहेबांनी विचारलं. "आणि बाकीच्यांना तेल कोण घालतं?"

वत्सलानं तोंड उघडलं. काय बोलणार होती ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"मी घालतो, साहेब," केरू म्हणाला. "पाचही माझी. ते तीन नंबर या बाईनं केलंय. एकटीनं."

आठवड्याच्या आत ऑर्डर निघाली. मॉडेल रूमचा चार्ज वत्सला गांगुर्डे यांच्याकडे. केरू पगारे यांना उरलेले महिने गेटवर ड्युटी.

गेट तिच्या येण्याच्या वाटेवरच होतं. रोज सकाळी केरू तिथं स्टुलावर बसलेला दिसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहीत. ती जयभीम म्हणायची, तोही म्हणायचा. त्याच्यापुढे काही नाही. मॉडेल रूममध्ये पाच इंजिनं उघडायची पडली होती आणि तिचं चित्त लागत नव्हतं. एक नंबरचे स्क्रू वाळलेल्या तेलानं घट्ट बसले होते, ते तिच्यानं हलेनात. खरं सांगायचं तर ती असंच एखादं कारण शोधत होती. ती आहेर साहेबांकडे गेली.

"साहेब, मला पगारे भाऊजी पाहिजेत."

"बाई, त्यांनीच तर सगळं बिघडवलं."

"तेल चुकलं, साहेब. हात नाही चुकला. हे स्क्रू त्यांच्याशिवाय कोणाला निघणार नाहीत."

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "दुपारी दोन तास पाठवतो. आले तर."

दोन दिवस केरू आला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो दारात उभा होता. काखेत स्वतःचा पेचकसांचा डबा. आत येऊन टेबलाशी बसला, एक नंबर हातात घेतलं, आणि स्क्रूवर घासलेटाचा थेंब टाकून तो भिजायची वाट बघत राहिला.

"मनमाडला असताना," तो इंजिनाकडे बघतच म्हणाला, "तेल कमी घातलं म्हणून एकाला मी शेडमधून हाकलून लावलं होतं. चिमाजी नाव होतं त्याचं. पोराबाळांचा माणूस."

स्क्रू सुटला. त्यानं तो तिच्या तळहातावर ठेवला.

"सांगा," तो म्हणाला. "कुठं, किती."

मार्च संपेपर्यंत त्यांनी चार इंजिनं धुतली. त्याला आता बारीक दिसत नव्हतं आणि तिच्या बोटांत जोर नव्हता. तो काढायचा, ती धुवायची, ती तेल लावायची, तो बसवायचा. तिनं स्टोअरला मागणी पाठवली, 'शिलाई मशीनचे तेल, पांढरी व्हॅसलीन, सुया'. क्लार्कनं रेल्वेच्या खात्यात व्हॅसलीन कशाला म्हणून कागद परत पाठवला. आहेर साहेबांनी त्यावर शेरा मारून सही केली. पाच नंबरचं दातेरी चाक मात्र फुगून दोन ठिकाणी तडकलं होतं. तसलं चाक इथं मिळत नव्हतं. तिनं वरच्या ऑफिसला लिहिलं आणि इंजिन काचेच्या कपाटात ठेवलं.

एकतीस मे रोजी केरू रिटायर झाला. हार, नारळ, शाल. बोलायला उभा राहिला तेव्हा त्यानं मनमाडच्या गोष्टी सांगितल्या, आणि शेवटी म्हणाला, "यंदाची थंडी लय वाईट होती. त्या थंडीनं आमची इंजिनं बसवली होती. पण वहिनींनी आणि मी मिळून चालती केली."

आहेर साहेबांनी वत्सलाकडे बघितलं. वत्सला टाळ्या वाजवत होती.

कार्यक्रम संपल्यावर ती त्याच्याबरोबर बसथांब्यापर्यंत गेली. विठाबाईच्या हातात शाल आणि नारळ. यावेळी तिनं वत्सलाला घरी चहाला यायचं दोनदा बजावून सांगितलं.

"पाच नंबरचं चाक कधी येतंय?" केरूनं विचारलं.

"कळवलंय. दिवाळीपर्यंत म्हणतायत."

"आलं की सांगा. ते बसवायला दोघं लागतील."

चाक दिवाळीनंतर आलं, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, कापसात गुंडाळून. वत्सलानं विठाबाईकडे निरोप धाडला. केरू दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला आला, गेटवर स्वतःच्या हातानं आपलं नाव लिहून. बसवायला अर्धा तास लागला. पाच नंबर पहिल्या फेरीला जरा कुरकुरलं. वत्सला लगेच उठली, पण केरूनं तिला हातानं थांबवलं.

"बघू द्या," तो म्हणाला.

दुसऱ्या फेरीला कुरकुर गेली.